वहीतला उपास

मायनं सकाळी शेणानं सारवलेल्या ओसरीवर बाच्या डाव्या पायाचे ठसे उमटले होते आणि प्रत्येक ठशात अंगठ्याच्या जागी रक्त होतं. बा मळ्यातून आला होता. त्यानं वांग्यांची पाटी खाली ठेवली, माठातलं पाणी प्याला, दारात जाऊन बैलावर ओरडला आणि परत आत आला. या सगळ्या फेऱ्या त्या ओल्या ओसरीवर जशाच्या तशा दिसत होत्या. मी दप्तर काखेत मारून शाळेला निघाले होते, ती जागच्या जागी थांबले. माय चुलीपुढून उठून आली आणि तिचा हात तोंडावर गेला.

"रगत कोनाचं हाये हे?" ती किंचाळली.

"कोनतं रगत?" बा म्हणाला. त्यानं ओसरीकडे पाहिलं, माझ्या पायांकडे पाहिलं, आणि सगळ्यात शेवटी स्वतःच्या. चामड्याची चप्पल भेदून बाभळीचा काटा अंगठ्याच्या बुडाशी गेला होता, आणि चप्पल दारात काढली तरी तो पायातच राहिला होता. आडवा धरला तर माझ्या करंगळीएवढा भरला असता. मळ्यापासून घरापर्यंतची वाट बा तो काटा पायात घेऊन चालत आला होता. त्यानं खाली बसून तो ओढून काढला, आणि ओढतानाही त्याचा चेहरा हलला नाही. मग काटा आमच्या पुढ्यात धरून तो हसला. "पाहा बरं, मले काई समजलंच नाई!" त्याला त्यात मर्दुमकी वाटत होती. मला मात्र त्या रक्तापेक्षा त्या हसण्याची भीती वाटली. मी शाळेत गेले नाही.

आता हे सांगायला हवं, की माझा बा गोडाचा माणूस होता. सोनाळ्याला आमचा भाजीपाल्याचा मळा होता आणि मळ्यापलीकडे ज्वारी-तुरीचं वावर. लग्नाच्या पंगतीत वाढपी आमच्या ओळीत आले की बुंदीची परात खाली ठेवूनच उभे राहत, कारण बाच्या पानापुढून लवकर सुटका नसे. समोरच्या ओळीतले लोक स्वतःचं जेवण विसरून त्याच्याकडे पाहत, आणि मी पोरींमध्ये बसून फुशारकीनं सांगे, की तो माझा बा आहे. बाजाराच्या दिवशी भाजी संपली की त्याच्या बंडीचा एक खिसा गोडीशेवेनं भरे आणि दुसरा रेवड्यांनी. वाटेत भेटेल त्या पोराच्या तळहातावर तो दोन रेवड्या ठेवी आणि तिसरी स्वतःच्या तोंडात टाकी. गावात पोरं काही कमी नव्हती, तेव्हा बाच्या पोटात किती रेवड्या जात असतील याचा हिशेब तुम्हीच करा. मटण आमच्याकडे वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी, तेही गोठ्यामागच्या चुलीवर शिजायचं. एरवी आम्ही भाजी-भाकरीचे लोक. त्यामुळे बाला खात्री होती, की आपण साधं खातो. गोड हे आमच्या लेखी खाणं नव्हतंच, ते लाड होते.

त्या वर्षी बा फार पाणी प्यायला लागला होता. माठ दुपारीच रिकामा व्हायचा. न्हाणीच्या मागे जिथे तो लघवीला जायचा तिथे मुंग्यांची रांग लागायची, आणि माय त्यांच्यावर राख टाकत म्हणायची, "औंदा मुंग्या लई झाल्या बाई." आम्हा तिघांपैकी एकालाही त्याचा अर्थ कळला नाही. आज मी त्या राखेच्या ओंजळी आठवते आणि स्वतःशीच कपाळाला हात लावते.

काटा निघून पंधरा दिवस झाले तरी जखम ओलीच. हळद भरून झाली, कडुनिंबाचं पाणी झालं. शेवटी मायनं हट्ट धरला आणि आम्ही मोटारनं शेगावला डॉक्टरांकडे गेलो. मला बरोबर घेतलं कारण घरात लिहिता-वाचता येणारी मी एकटी. आमच्या शाळेत नुकताच नव्या महाराष्ट्राचा नकाशा टांगला होता, आणि त्यावर बुलढाणा जिल्हा बोट ठेवून दाखवण्याचा मान गुरुजींनी मला दिला होता, म्हणून बाला माझ्या विद्येबद्दल नसता विश्वास वाटे. डॉक्टर म्हातारे होते, चष्म्याच्या काडीला दोरा बांधलेला. त्यांनी बाला बाटलीत लघवी करून आणायला लावली. काचेच्या नळीत निळं पाणी घेतलं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकले आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरली. ते निळं पाणी आधी हिरवं झालं, मग पिवळं, मग विटेच्या रंगाचं. मी तोंड उघडं टाकून पाहत राहिले. शाळेत असं काही कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहिलं ते बाच्या लघवीत.

"गोड किती खाता?" डॉक्टरांनी विचारलं.

"काई नाई जी. सादं खातो. भाकर-भाजी."

"खिशात काय हाये?"

बानं खिशात हात घातला, आणि नाइलाजानं गोडीशेवेची पुडी टेबलावर आली. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी एक सुई घेतली आणि बाच्या तळपायाला चार ठिकाणी टोचली. बा छताकडे पाहत होता. त्याला एकही टोचणी कळली नाही. मायनं डोळे मिटून घेतले.

"लघवीतून साखर जाऊन राह्यली तुमच्या," डॉक्टर म्हणाले. "पाय बधिर झाला तो त्याच्यानंच. साखर उतरली नाई त जखम भरत नाई. जखम भरली नाई त अंगठा कापा लागन. अन् अंगठ्यावर थांबन की घोट्यावर, ते मी आज सांगू शकत नाई."

बा हळूच म्हणाला, "घोट्यापासून पाय गेला त वखर कोन धरन जी?" एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस इतक्या बारीक आवाजात बोलू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

डॉक्टरांनी सगळं सांगितलं. साखर बंद, गूळ बंद, रेवड्या-गोडीशेवेचं नाव नाही. भाकर दोन, पालेभाजी पोटभर, डाळ, ताक, मोड आलेली मटकी. मग ते माझ्याकडे वळले. "पोरी, लेहता येते?"

"हाव."

"मंग बाप काय खाते ते सकाळपासून झोपेपर्यंत वहीत लेहत जाय. काई सोडू नको. अन् हे नळीचं पाहून घे, निळं राह्यलं त साखर नाई, हिरवं त थोडी, वीट झाली त लई. हप्त्यातून दोनदा करजो. दीड महिना देतो तुले." जणू मुदत बाला नव्हती, मलाच होती. त्यांनी कागदात गुंडाळलेली नळी, निळ्या पाण्याची बाटली आणि एक छोटा दिवा माझ्या हाती दिला. मोटारमध्ये मी ते सगळं मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते, आणि शेजारच्या बाईनं काय आहे म्हणून विचारल्यावर मी सांगितलं, औषध.

घरी खरा गहजब झाला. नवऱ्याची लघवी घरात उकळायची हे ऐकून मायला घाम फुटला. "माह्या चुलीजवळ आनशील त हात मोडून ठेवीन!" शेवटी गोठ्यामागे तीन विटांचा आडोसा करून तिनं परवानगी दिली, पण अट घातली, की देवाच्या वारी हा विटाळ नाही. सोमवार महादेवाचा, गुरुवार शेगावच्या महाराजांचा. त्या दिवशी नळीला हात लावायचा नाही. म्हणून मी मंगळवार आणि शुक्रवारची सकाळ ठरवली. ही साधीशी गोष्ट लक्षात ठेवा.

मायनं गोड घराबाहेर काढलं ते मात्र एका झटक्यात. साखरेचा डबा शेजारी गेला, गुळाची अर्धी भेली गेली, बाच्या उशाखाली सापडलेली रेवड्यांची पुडीसुद्धा गेली. बा दाराशी उभा राहून हे प्रस्थान पाहत होता. चहा बिनगुळाचा झाला आणि पहिल्या घोटाला बानं असा चेहरा केला, की माय एवढ्या काळजीतही हसली. फक्त देवाजवळच्या फडताळाला कुणी हात लावला नाही. तिथे उपासाचं सामान असे: साबुदाणा, भगर, शिंगाड्याचं पीठ, राजगिरा आणि उपासाचा वेगळा गूळ. धान्याचा हात त्याला लागू नये म्हणून ते सगळं निराळं, धुतलेल्या डब्यांत. ते घरात होतं, पण आमच्या डोक्यात ते स्वयंपाकघरात नव्हतं, देवघरात होतं.

एरवीच्या दिवसांचं जेवण मी अजून विसरले नाही. माय हट्टाला पेटली होती. सकाळी अंबाडीची भाजी, ज्वारीच्या कण्या टाकून शिजवलेली, वरून लसणाची फोडणी. तव्यावरून थेट पानात येणारी पातळ भाकर. दुपारी चवळीच्या शेंगा नाहीतर मेथीचं वरण, कांदा, ठेचा, सांबार म्हणजे कोथिंबीर पेरलेलं ताक. संध्याकाळी तुराट्यांच्या आगीवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत, आणि एखाद्या दिवशी तुरीच्या डाळीचे वाफवलेले मुटके, जे ती गरम असताना हातानं फोडून आमच्या पानात टाकी. आठवड्याभरातच बा कबूल करू लागला, की पोट हलकं वाटतं. "इतके साल मळ्यात आपून पिकवत होतो अन् लोकं खात होते," तो म्हणाला. मी सगळं वहीत उतरवून ठेवी, अगदी हिरव्या मिरच्या किती तेसुद्धा. माझं अक्षर चांगलं होतं आणि मला त्याचा गर्व होता.

आणि मग बाला एक युक्ती सुचली. ज्या माणसानं जन्मात उपास केला नव्हता, कारण "भाकरीबिगर माह्यं डोकं फिरते," तो एका सकाळी आंघोळ करून देवापुढे बसला. "खाल्ल्यानं आली ते न खाल्ल्यानं जाईन," तो म्हणाला. "आजपासून सोमवार अन् बेस्तरवार, दोनी उपास." मायच्या डोळ्यांत पाणी आलं. आजारानं का होईना, माणूस देवाला लागला. तिनं त्याच पावली देवाजवळचं फडताळ उघडलं.

उपासाच्या दिवशी आमच्या घराला सणाचा वास यायचा. सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी गुळाच्या पाकात शिजवलेली रताळी आणि शिंगाड्याचा शिरा. मध्येच मळ्यातली केळी, चार-चार. आणि संध्याकाळी राजगिऱ्याचे लाडू, जे मी वळायची. उपाशी माणसाला ताकद हवी म्हणून मी ते मुठीएवढे करायची, आणि बा ते डोळे मिटून खायचा. त्याच्या चेहऱ्यावर पंगतीतली ती जुनी कळा परत आलेली पाहून मला इतका आनंद व्हायचा, की मी तिसरा लाडू पुढे करायची. मग हात धुऊन वही उघडायची आणि त्या दिवसाच्या पानावर सुंदर अक्षरात एकच शब्द लिहायची: उपास. खाली एक सरळ रेघ. बाकी पान कोरं.

हसू नका. मी खोटं लिहीत नव्हते. उपासाच्या दिवशी माणूस जेवत नाही, हे मला जितकं ठाऊक होतं तितकंच मायला, बाला, अख्ख्या गावाला ठाऊक होतं. देवाच्या नावानं पोटात गेलेलं पोटात मोजायचं नसतं. हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं, ते आम्ही श्वासासारखं घेतलं होतं.

मंगळवारी मी नळी दिव्यावर धरली. वीट. शुक्रवारी पुन्हा वीट. पुढच्या मंगळवारी मी देवाचं नाव घेऊन डोळे मिटले आणि उघडले, तरी वीटच. प्रत्येक वेळी मला तोच धक्का बसायचा, जणू पहिल्यांदाच पाहते आहे. इकडे बाचा अंगठा काळपट पडू लागला होता आणि फडकं सोडलं की वास यायचा. मुदतीतला पहिला महिना संपला तेव्हा आम्ही शेगावला गेलो. डॉक्टरांनी वहीची पानं उलटली. भाज्या वाचून मान हलवली, "उपास" वाचून म्हणाले, "वा, उपासही करता." मग चष्मा काढून त्यांनी तिघांकडे पाहिलं. "मंग ही साखर कुठून येऊन राह्यली? या वहीत कुठं तरी खोटं हाये. चोरून खाऊन राह्यलं कोनी तरी. पंधरा दिवस, त्याच्यापुढं मी काई करू शकत नाई."

परतीच्या मोटारीत मी मनात एकच गोष्ट घोळवत होते: वही माझी आहे, वहीत खोटं नाही, म्हणजे खोटा बा आहे. त्या दिवसापासून मी त्याच्या मागावर राहिले. तो मळ्यात गेला की मी गवताच्या निमित्तानं मागे. तो बाजारात गेला की मी टोपली घेऊन बरोबर. आणि एका बुधवारी संध्याकाळी धुण्यात टाकलेली त्याची बंडी झटकली, तर खिशातून तीळ पडले. रेवडीला चिकटलेले असतात तसले, साखरेचा कण लागलेले पांढरे तीळ. मी ते तळहातावर घेतले. माझे कान तापले होते. बा ओसरीवर पाय पसरून बसला होता आणि माय त्याच्या अंगठ्याला फडकं बांधत होती. मी जाऊन तळहात त्याच्या नाकासमोर धरला.

"हे काय हाये, बा?"

"तीळ हायेत," बा म्हणाला. त्याला काहीच कळलं नव्हतं.

"तू चोरून खातं! माय तिकडं मरमर राबते, मी लेहून लेहून मरून राह्यली, अन् तू रेवड्या खातं! तुले पाय नाई पायजे का?"

मायचे हात थांबले. बानं माझ्याकडे पाहिलं. बापाला कुणी असं बोलत नव्हतं त्या काळी, मुलगी तर नाहीच. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. पण तो रागावला नाही. "कुसाबाई," तो म्हणाला, "वावरात पोरं येतात वं. खिसा चाचपतात माह्या. त्यांच्यापुरत्या आनतो. म्या एक बी खाल्ली नाई."

"खोटं!"

"तुही शपत," बा म्हणाला आणि त्यानं माझ्या डोक्यावर ठेवायला हात उचलला.

लेकराच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ खोटी निघाली तर लेकरू मरतं. हे आमच्याकडे सूर्य उगवतो इतकं पक्कं. तो हात वर येताना मी पाहिला, आणि मी डोकं बाजूला काढलं.

विचार करून नाही काढलं. मला मरायचं नव्हतं, एवढंच. पण त्याचा अर्थ तिथे असलेल्या आम्हा तिघांनाही त्याच क्षणी कळला. बाचा हात हवेत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि पुढेही कधी पाहिलं नाही. पायात काटा घुसलेला न कळणाऱ्या त्या माणसाला ते मात्र कळलं. त्यानं हात खाली घेतला, मांडीवर ठेवला आणि कितीतरी वेळ तो त्या हाताकडेच पाहत बसला. साठ वर्षं होऊन गेली. मी शाळा चालवली, संसार केला, माणसं पोचवली. पण माझ्या हातून घडलेलं सगळ्यात वाईट काम कुठलं असं मला कुणी विचारलं, तर मी ती मानेची हालचाल सांगेन.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. मायनं खिचडीची थाळी पुढे ठेवली. बानं ती सरकवून दिली. "आज पान्याबिगर काई नाई. अन् इथून हलनार बी नाई. राखन बसवा माह्यावर." तो दिवसभर ओसरीवरच्या बाजेवर पडून राहिला. रताळी तशीच राहिली, केळी तशीच. मी लाडू वळलेच नाहीत. माय तीनदा विनवायला गेली आणि तीनदा परत आली. मी त्याच्या समोरून जायचं टाळत होते. तो मात्र माझ्याकडे पाहतच नव्हता.

शुक्रवारी सकाळी मी गोठ्यामागे दिवा पेटवला. नळी धरली. पाणी उकळलं. निळं होतं ते निळंच राहिलं. मी आणखी थोडं धरलं. निळंच. आणि मला जो पहिला विचार आला तो लिहायची आज लाज वाटते. मला वाटलं, पाहा, काल हलला नाही म्हणून चोरता आलं नाही. म्हणजे तो चोरच. मी हा पुरावा वहीत नोंदवायला बसले. काल त्यानं काय खाल्लं? काही नाही. मी लिहिलं: उपास. खाली रेघ मारली. आणि मग पाहिलं, की मागच्या सोमवारच्या पानावरही हेच आहे. उपास, आणि रेघ. त्याच्या मागच्या गुरुवारीही. पानं सगळी सारखी होती, आणि नळीचा रंग सारखा नव्हता.

मी धावत चुलीपाशी गेले. "माय, काल बानं काय काय नाई खाल्लं?"

"काऊन?"

"सांग ना!"

माय भाकरी थापता थापता सांगू लागली. "खिचडी नाई खाल्ली. रताळे नाई खाल्ले गुळातले. शिरा नाई. केळं चार ठेवले होते, ते तसेच. अन् तुहे लाडू, ते तीन त लागतेच त्यायले..." बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला. हात पिठात तसाच थांबला. तव्यावरची भाकर जळायला लागली आणि आम्ही दोघी तिच्याकडे नुसत्या पाहत राहिलो.

"देवाचं हाये ते," माय कशीबशी म्हणाली. "देवाचं कसं बाधंन?"

महिनाभर बाचा पाय कोण खात होतं, तर मी. मुठीएवढे लाडू वळून, तिसरा पुढे करून, आणि वर सुंदर अक्षरात एका शब्दाखाली ते लपवून. नळी मी देवाच्या वारानंतरच्या सकाळीच धरत होते, म्हणून एरवीच्या दिवसांचा हिरवा रंग मला कधी दिसलाच नव्हता. चोर घरात होताच. माझ्याच फ्रॉकच्या खिशात पेन्सिल होती.

त्याच दिवशी आम्ही शेगाव गाठलं. मी डॉक्टरांपुढे उभी राहिले आणि प्रत्येक "उपास" या शब्दाखालच्या कोऱ्या जागेत काय होतं ते तोंडी सांगितलं. ते ऐकत राहिले. त्यांनी चष्मा काढला, दोरा गळ्यात लोंबू लागला. "मी बी बेस्तरवार करतो," ते म्हणाले. "सकाळी केळं, शिरा. मी हे वाचलं अन् मले बी काई वाटलं नाई." मग त्यांनी बाचा पाय मांडीवर घेतला. अंगठ्याला उशीर झाला होता. शनिवारी तो काढला आणि आम्ही तिथेच दवाखान्यात राहिलो. पाऊल मात्र राहील असं त्यांनी सांगितलं, फक्त इथून पुढे उपास नाही. सोमवारी बा तापाच्या गुंगीत होता, ताकावर गेला दिवस. गुरुवार उजाडला तेव्हा त्याला भूक लागली होती आणि तो घाबरला होता. "धरलेला वार कसा सोडू? अंगठा गेला, आता देव पाय घेईन."

माय उठली, पदर खोचला आणि महाराजांच्या मंदिराकडे गेली. दोन तासांनी आली तेव्हा तिच्या हातात पळसाच्या पानात बांधलेलं काहीतरी होतं. तिनं ते बाच्या मांडीवर उघडलं. झुणका आणि ज्वारीची भाकर. कुणा भक्तानं आवारात वाटायला आणला होता.

"आज बेस्तरवार हाये वं," बा दचकून म्हणाला.

"परसाद हाये," माय म्हणाली. "परसादाले नाई म्हनता येते का? खा मुकाट्यानं."

मी खिडकीपाशी उभी होते. त्या बुधवारपासून बा माझ्याशी बोलला नव्हता, आणि मलाही त्याच्याजवळ जायचं धाडस झालं नव्हतं. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, झुणक्याला लावला, कपाळाला टेकवला आणि तोंडात घातला. गुरुवारी माझा बा भाकर खात होता. आम्ही दोघी श्वास रोखून पाहत होतो, आकाश कोसळतं का म्हणून. काही कोसळलं नाही. त्यानं शेवटचा तुकडा खाल्ला, पान दुमडलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"कुसाबाई, इकडं ये."

मी गेले.

"डोकं कर इकडं. त्या दिवशी शपत अर्धीच राह्यली माही."

"बा, मले माहीत हाये आता," मी म्हणाले. मला रडू फुटलं होतं.

"तुले माहीत हाये. मले पुरी करू दे."

त्यानं हात उचलला. झुणक्याचा, लसणाचा वास येणारा तो जड हात माझ्या केसांवर आला, आणि बा एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "म्या एक रेवडी बी चोरून खाल्ली नाई." मी मान हलवली नाही. हात त्यानं काढला तरी कितीतरी वेळ मी तशीच वाकून उभी होते.